नोरीनबाई मुलगा बघायला येतात

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मागाहून वाद नको. आयर्लंडमधल्या एनिसच्या प्रल्हादरावांना भीती वाटली. किरकोळ नव्हे. हातातला कप बशीवर वाजायला लागला, इतकी वाटली.

ज्यांना प्रल्हादराव ठाऊक नाहीत ते म्हणतील, त्यात काय एवढं? अहो, याच माणसाने तासगावच्या बाजूला उसाच्या फडात शिरलेल्या बिबट्याची घोट्यात पकड केली होती, त्याला फरफटत बांधावर आणलं होतं, आणि "पुन्यांदा येशील का?" असं विचारून, त्याने मान हलवल्यावरच सोडलं होतं. शाळेत पी.टी. शिकवत असताना त्यांनी एकदा शिट्टी फुंकली तर मैदानातली पोरं थांबलीच, पण फाट्यावरची एस.टी.ही थांबली आणि कंडक्टर सावधानमध्ये उभा राहिला. हे सगळं ते एनिसला मुलाकडे राहायला आल्यापासून शेजारच्या पॉडीला कुंपणाच्या भिंतीवरून ऐकवत. पॉडी आयुष्यभर गाई राखलेला म्हातारा. तो शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि टोपी मागे सारून म्हणायचा, "गो अवे औट ऑफ दॅट, प्रल्हाद." म्हणजे, चल, काहीतरीच. प्रल्हादरावांना ती पदवी वाटायची.

अशा माणसाला भीती वाटली, ती नातवापायी.

नातू यशोधन, नुकता अठराचा झालेला, खांदे दारात अडकतील असे. वाढला आयर्लंडमध्ये, त्यामुळे मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र तिथल्या क्लेअर जिल्ह्याच्या इंग्रजीत. इथे ते मराठीतच सांगतो, गोड मानून घ्या. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका व्यावसायिक रग्बी लीग क्लबने त्याला आपल्या तरुणांच्या संघात घेतलं होतं. तेरा-तेरा जणांचा खेळ. बॉल घेऊन पळणाऱ्याला आडवा पाडायचा, म्हणजे टॅकल करायचा, त्याने उठून बॉल टाचेने मागे सारायचा, पुन्हा पळायचं. सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्यांचा. प्रल्हादरावांनी पहिला सामना टीव्हीवर बघितला तेव्हाच निकाल दिला होता, "ही आपली कबड्डीच. फक्त दम धरायचा न्हाई, आन् चिखल जादा." त्या दिवसापासून आजोबा-नातवाची घोट्याची पकड मागच्या अंगणात चालायची. क्लबने आयर्लंडमधल्या पोरांसाठी लिमरिकला शिबिर घेतलं, ते रविवारी संपलं. येत्या शनिवारी यशोधनचं विमान होतं आणि लगेच दुसऱ्या दिवशी तिकडे पहिला सामना.

मंगळवारी दुपारी घरात दोघंच होते. मुलगा अंबरीश ऑफिसच्या कामासाठी डब्लिनला, बॉल्सब्रिजच्या कुठल्याशा हॉटेलात मुक्कामाला. सून मुक्ता लिमरिकच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, ती ड्युटीवर. यशोधन स्वयंपाकघरात आला, ताटं ठेवायचा प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, उघडला आणि ताटांकडे बघत उभा राहिला.

"आजोबा, दूध कुठेय?"

फ्रिज त्याच्या पाठीशी घरघरत होता. प्रल्हादराव म्हणाले, "म्हस बाहेर गेलीय, येईल इतक्यात."

यशोधन हसला नाही. हा पोरगा आजोबांच्या रद्दी विनोदालाही हसणारा. त्याने हळूच प्रेस लावला, जणू दाराचाही आवाज त्याला टोचत होता, आणि डाव्या डोळ्यावर तळहात धरून खुर्चीत बसला. मग उठून खिडकीचा पडदा ओढला. बाहेर ऊन कुठलं, नेहमीचा राखाडी भुरभुर पाऊस. त्या उजेडानेही त्याचे डोळे मिटत होते.

थोड्या वेळाने बाथरूमचा नळ सुरू झाला आणि बंद होईना. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता, काहीतरी जड जमिनीवर टेकल्याचा.

दाराला कडी नव्हती. यशोधन फरशीवर होता, गाल टबाच्या कडेला, बेसिनमध्ये ओकारी. रंग असा की प्रल्हादरावांनी आधी त्याच्या नाकाखाली बोट धरलं.

"काय झालं रं बाळा?"

"काही नाही. पेट्रोलपंपावरचा चिकन रोल खाल्ला होता."

"डोस्कं आपटलं का कुठं?"

त्याने टबावरून गाल उचलला. मग म्हणाला, "रविवारी. थोडंसं. कुणी बघितलं नाही. विचारलं तेव्हा मी ग्रँड, एकदम ठीक, म्हणून सांगितलं."

"आईला बोलावतो."

यशोधनने त्यांचं मनगट धरलं. पकड नेहमीची होती, म्हणून प्रल्हादरावांना क्षणभर बरं वाटलं.

"आईला सांगू नका. गुरुवारी क्लबची नोरीन घरी येणार आहे. तिला कळलं तर शनिवारी मी जाणार नाही. माझ्या जागेवर घ्यायला वीस पोरं आहेत, आजोबा."

"आन् सांगितलं तर?"

डोळे न उघडता यशोधन जरासा हसला. वाईट मनाने नाही.

"सांगा की. तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?"

प्रल्हादरावांनी त्याला उठवून पलंगावर निजवलं, बेसिन धुतलं, आणि जिन्याच्या पायरीवर बसले. तिथे त्यांना सर्जेराव आठवला.

सर्जेरावाची गोष्ट प्रल्हादरावांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण तिला तिखटमीठ लावता येत नव्हतं. तरुणपणी जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्यांना ते प्रेक्षकांत बसले होते. सकाळच्या सामन्यात सर्जेरावाच्या कानशिलात कुणाचातरी गुडघा बसला. तो उठला, हसला, डोक्यावर पाणी ओतून घेतलं, दोस्तांनी पाठ थोपटली. दुपारी तो पुन्हा उतरला. अगदी साधी पकड होती, शाळेतली पोरं करतात तसली. सगळे उठून मागे झाले आणि सर्जेराव उठला नाही. लोक हसत होते, नाटक करतोय म्हणून. बराच वेळ हसत होते.

संध्याकाळी मुक्ता आली, तशी प्रल्हादरावांनी तिला दारातच गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक गोष्ट न फुगवता सांगितली, आणि त्यांचं त्यांनाच जाणवलं की ती किती बारीक निघाली. रविवारी डोकं आपटलंय म्हणाला. ताटांत दूध शोधत होता. पडदा लावला. ओकला. पडला.

मुक्ताने पर्स ठेवली आणि सरळ यशोधनच्या खोलीत गेली. आई होती, डॉक्टर होती. तिने डोळ्यांत टॉर्च मारला, नाकाला बोट लावायला लावलं, रेषेवरून चालायला लावलं, महिने उलटे म्हणायला लावले. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर; पोरगा झऱ्यासारखा वाहत सुटला. ओकारी चिकन रोलची. पडलो नाही, ओकून दमलो म्हणून बसलो होतो. डोकं? छे.

"मुक्ता, महिने पाठ केलेत त्यानं," प्रल्हादराव दारातून म्हणाले. "दुपारभर दार लावून पुटपुटत हुता. मी ऐकलंय."

मुक्ता थकलेली होती, तरी प्रेमाने म्हणाली, "बाबा, सोमवारी तुम्ही मला सांगितलंत की पॉडीच्या गाईला तुम्ही शेकहँड शिकवलात."

"ते येगळं."

"आणि ती डाव्या पायाने करते."

"डावखुरी हाय ती. पण हे खरं हाय."

"गाईचंही खरंच होतं ना?" ती हसली. "मी लक्ष ठेवते त्याच्यावर. तुम्ही झोपा आता."

अंबरीशचा फोन आला तेव्हा त्यालाही सांगून झालं. पलीकडे कुणीतरी लिफ्ट धरून त्याला बोलावत होतं. "बाबा, मुक्ताने बघितलंय ना? मग झालं. गुरुवारी त्या नोरीनसमोर तेवढं काही काढू नका हं, प्लीज. पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

प्रल्हादरावांना वाटलं, तेच तर सांगतोय.

बुधवारी यशोधन दिवसभर झोपून होता. पॅकिंगने दमलोय म्हणाला. बॅग कोपऱ्यात उघडी होती आणि तिच्यात एकच मोजा होता. प्रल्हादराव दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आतून श्वास ऐकू येत होता तोवर ठीक. मध्येच तो ऐकू येईनासा व्हायचा, तेव्हा ते दाराला कान लावायचे, आणि स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकून दचकायचे. तास-दीड तासाने काहीतरी निमित्त काढून त्याला हाक मारायची, "यशू, चष्मा बघितलास का माझा?" आतून "तुमच्या नाकावर असेल" असं आलं की ते पुन्हा खुर्चीत टेकायचे. एकदा उत्तर यायला फार वेळ लागला. तेवढ्या वेळात ते दार ढकलून अर्धे आत शिरले होते.

कुणालातरी सांगायलाच हवं होतं. ते मागे गेले आणि भिंतीवरून पॉडीला सगळं सांगितलं. पॉडीने शेवटपर्यंत ऐकलं. टोपी मागे सारली.

"गो अवे औट ऑफ दॅट, प्रल्हाद," तो म्हणाला आणि खदाखदा हसला.

गुरुवार उजाडला तो धावपळीतच. आता यात नोरीनबाईंचा काही दोष नाही. क्लबने लिहिलं होतं इतकंच, की आमची वेल्फेअर बघणारी बाई घरच्यांना भेटायला येईल. पण आपल्या माणसांना घरी कुणीतरी मुलाला बघायला येणार म्हटलं की एकच कार्यक्रम ठाऊक. मुक्ताने रजा घेतली. अंबरीश पहाटेच डब्लिनहून निघून आला. सोफ्याला नवी कव्हरं चढली, कपाटातली पदकं दिवाणखान्यात आली, पोह्यांवर ओलं खोबरं पडलं. यशोधनला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. आणि अंबरीशने प्रल्हादरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, आज बिबट्या नको."

नोरीनबाई किलरशच्या, म्हणजे इथल्याच क्लेअरच्या. लग्न होऊन इंग्लंडला गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, दारातच बूट काढून पायमोज्यांवर आत आल्या. मुक्ताने ट्रे यशोधनच्या हातात दिला. प्रल्हादराव कोपऱ्यातून बघत होते. पोरगा दाराच्या चौकटीला खांदा घासून आला, पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपत होता. कप किणकिणत होते. आईबाप कौतुकाने बघत होते आणि नोरीनबाई नेमक्या पोह्यांकडे बघत होत्या.

"झोप कशी आहे त्याची?" त्यांनी विचारलं.

"एकदम छान," अंबरीश म्हणाला.

"घरापासून लांब कधी राहिलाय?"

"सवय आहे. कुठेही रमतो."

"स्वयंपाक?"

"सगळा येतो," मुक्ता म्हणाली. यशोधनला टोस्टसुद्धा करपवल्याशिवाय येत नव्हता.

"काही दुखणं-खुपणं? जुनी इजा?"

"सर्दीसुद्धा नाही कधी."

"रागावतो? गप्प होतो? काळजी वाटते अशी एखादी गोष्ट?"

"शांत स्वभाव आहे. मोठ्यांचा मान ठेवतो."

नोरीनबाईंनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला त्याचे गुण सांगताय. ते मला माहीत आहेत. त्याला आम्ही घेतलाय. मी नापसंत करायला आले नाही. तिकडे तो एका कुटुंबात राहील, त्या घरातली बाई आमच्या ओळखीची आहे. कॉलेज सोडू देणार नाही, अभ्यास झाला नाही तर सराव बंद. डोक्याला मार बसला तर डॉक्टरने सोडेपर्यंत मैदान नाही, मग संघात कुणी उरो न उरो. आणि त्याची जागा त्यामुळे जात नाही, हे मी प्रत्येक पोराला सांगते. एकही विश्वास ठेवत नाही. अठराव्या वर्षी ती सगळी ग्रँड असतात. म्हणून मी घरी येते. तो बरा नसला की कसा दिसतो, हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही. तेवढं मला सांगा."

 अंबरीशने मुक्ताकडे बघितलं.

"बरा नसतोच कधी," तो म्हणाला.

"आणि तू, यशोधन?"

"मी ग्रँड आहे."

नोरीनबाईंनी मान हलवली आणि कोपऱ्याकडे वळल्या. "तुम्ही दिवसभर त्याच्यासोबत घरी असता. तुम्ही काय म्हणता?"

अंबरीशने बापाकडे नजर रोखून नकाराची मान हलवली. प्रल्हादरावांचा कप बशीवर वाजायला लागला, तो त्यांनी खाली ठेवला.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना दिसत होतं. अंबरीश हसून म्हणाला असता, आमचे बाबा गोष्टी सांगतात. यशोधनने महिने उलटे म्हणून दाखवले असते. नोरीनबाई रात्रीच्या विमानाने गेल्या असत्या, शनिवारी पोरगा गेला असता, आणि रविवारी कुणीतरी त्याला अगदी साधी पकड केली असती. खरं दोनदा सांगून झालं होतं, भिंतीपलीकडे धरलं तर तीनदा. उरलं काय, तर त्यांना जे येत होतं ते.

शाळेच्या स्टाफरूममध्ये एक घुमा कारकून होता, वर्षभरात चार शब्द बोलायचा. त्याच्या गावाच्या संघाचा स्कोअर प्रल्हादरावांनी मुद्दाम चुकीचा सांगितला की मात्र तो खुर्चीतून उठायचा आणि खरा सांगून मोकळा व्हायचा.

"ऐका, नोरीनबाई," ते म्हणाले. इंग्रजी त्यांचं मोडकं होतं, पण गोष्टीपुरतं पुरायचं.

"बाबा," मुक्ता हळूच म्हणाली.

"रविवारी शिबिरात एक पोरगं याच्या अंगावर आलं. केवढं? तर काडी. ओला टॉवेल वाळत घातला तर त्याच्याहून जड. वारा आला की दोन पावलं मागं जायचं. ते बॉल घेऊन आलं, आणि आमच्या यशोधनची पाचावर धारण बसली."

अंबरीशने सुटकेचा श्वास टाकला. गोष्टच होती. नोरीनबाईंच्या तोंडावरही हसू आलं. यशोधन जमिनीकडे बघत होता.

"यानं मैदान सोडलं. पळाला. तारेवरून उडी, गाड्या मागं टाकल्या, शॅनन नदीच्या पुलावर आला, तिथल्या हंसांनी बाजूला होऊन वाट दिली. मी बसनं मागनं गेलो. बघतो तर पुलाखाली बसलाय, रडतोय. म्हणाला, आजोबा, मला तिकडं धाडू नका, ते मला पाडतील."

मुक्ता हसत हसत म्हणाली, "हे असंच असतं बघा यांचं."

यशोधन हसत नव्हता. त्याचे कान लाल झाले होते. प्रल्हादरावांना ते दिसलं. या पोराला ते कधी कुणासमोर उणा शब्द बोलले नव्हते. उलट त्याच्या एका धावेचे त्यांनी तासगावला धाडलेल्या पत्रांत पाच जिंकलेले सामने केले होते. पण ते थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"मंगळवारी दिवसभर बाथरूममध्ये कोंडून घेतलं यानं. कशानं? भीतीनं. पडद्याआड बसतो, उजेडात येत न्हाई, कुणी ओळखेल म्हणून. नोरीनबाई, मी जुना खेळाडू हाय, मला कळतं. पोरगा अंगानं पैलवान हाय, काळीज सशाचं. ह्याला नेऊ नका. वाया जाईल."

आता कुणी हसत नव्हतं. अंबरीश अर्धवट उठला होता. नोरीनबाई प्रल्हादरावांकडे बघायच्या थांबल्या होत्या. त्या यशोधनकडे बघत होत्या.

 शेवटचं वाक्य प्रल्हादरावांनी नातवाच्या तोंडाकडे न बघता, पोह्यांच्या बशीकडे बघत म्हटलं.

"रविवारी यानं एक टॅकल केला न्हाई. एक सुद्धा."

यशोधन उभा राहिला. उभं राहताना त्याचा हात सोफ्याची पाठ शोधत गेला आणि एकदा चुकला.

"खोटं आहे," तो म्हणाला. "साफ खोटं बोलतायत आजोबा. मी कुठेही पळालो नाही. त्याचा गुडघा माझ्या डोक्यात बसला, मला मैदान दिसेना, मग उठलो तर दोन-दोन बॉल दिसायला लागले, अजूनही डाव्या डोळ्याने सगळं दोन-दोनच दिसतंय, तरी मी एकदाही बाहेर आलो नाही, शेवटपर्यंत टॅकल करत होतो. त्यांना विचारा. तिथल्या कुणालाही विचारा."